रंग बदलताना

नव्या प्लास्टिकच्या डब्याच्या वासाबरोबर मला लातूरच्या एमआयडीसीतली एक दुपार आठवते. प्लास्टिकचे मग काढणाऱ्या मोल्डिंग मशीनवर शिकायला लागून आठवडाच झाला होता. निळ्या मगांनंतर पांढरे काढायचे होते, म्हणून आतला निळा रंग सरेपर्यंतचे मग बाद करायचे होते. पण साचा उघडला की प्रत्येक मगावर वेगळंच आभाळ उतरलेलं असायचं. पांढरे मग यायला लागले, तसे मी गुपचूप प्लास्टिकचे मूठभर निळे दाणे परत मशीनमध्ये टाकले. कळलं असतं तर काम गेलं असतं. इतक्यात शिकवणाऱ्या ताई आल्या. "अजून निळंच यायलंय का गं?" "हाव ताई," मी खोटंच बोलले. त्यांनी एक कोमट मग उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि त्या हळूच म्हणाल्या, "अजून दोन काढ. मंग बास." आता मी शिकवते. रंग बदलताना नव्या मुलींच्या मशीनपाशी मी मुद्दाम उशिराच जाते.