मास्तरांच्या वांग्यातली रानफुलं

आमची आत्या शिंपीण, जीभ कात्रीहून धारदार. परसात तिची फक्त रानफुलं. पावसाळा सरल्यावर ती वाळली, तरी उपटायची नाहीत. बी आपणहून गळेल तेव्हाच रुजतं, असं ती म्हणायची.

शेजारच्या निवृत्त मास्तरांना तो उकिरडा वाटे. नको तिथे नाक खुपसायची खोडच त्यांना! आत्या दवाखान्यात गेलेली बघून त्यांनी सगळी वाळकी झाडं उपटली आणि आपल्याच वाफ्यांतून फरफटत नेऊन जाळली. आत्याने अबोला धरला.

पुढच्या वर्षी त्यांच्या वांग्यांत रानफुलं माजली. मास्तर कुंपणाशी आले.

"बाई, हे जातं कशानं?"

आत्या वर्षानं बोलली, "तुमच्या हाताला गुण आहे, मास्तर. मला वीस वर्षांत एवढी आली नाहीत."