दोन डिस्कांतला नवरदेव

आमचा स्टुडिओ मंगळवार पेठेत होता. लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायचं आणि जुन्या कॅसेटींवरून लोकांना डीव्हीडी काढून द्यायची, हा धंदा. शूटिंगला नवरा जायचा आणि कापाकापी मी करायची. नव्वद सालानंतरची काही वर्षं आम्ही दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून हे काम केलं. मग कॉम्प्युटर आला आणि माझं निम्मं आयुष्य तो चालू होण्याची वाट बघण्यात जायला लागलं. मशीनचं बटण दाबून मी घरात कुकर लावून यायची. कुकर होऊन भाताला वाफ मुरली तरी पडद्यावर आपलं ते वाळूचं घड्याळ फिरतच असायचं.

मला त्याचं काही वाटत नव्हतं, तेवढीच पाठ मोकळी व्हायची. नवऱ्याला मात्र ते सोसायचं नाही. एकदा तो पुण्याला जाऊन आला आणि पिशवीतून दोन चपट्या डब्या काढून टेबलावर ठेवल्या. म्हणाला, ह्या नव्या डिस्क, एसएसडी. आत काहीच फिरत नाही. मी एक कानाला लावून बघितली. जुनी डिस्क गुरगुरायची तरी, काम चाललंय हे कळायचं. ही मुकीच.

"एक डिस्क लिव्हायला जेवढा वेळ घेती, त्याच्या निम्म्यात दोघी मिळून लिव्हतात," तो सांगायला लागला. "निम्मं हिच्यावर, निम्मं तिच्यावर. ह्याला रेड म्हंतात. कॉम्प्युटरला वाटतं एकच डिस्क हाय."

"निम्मं म्हंजे कुठलं निम्मं?"

"सगळ्याचंच निम्मं."

"म्हंजे नवरी हिकडं आन् नवरा तिकडं?"

"तसं न्हवं गं. नवरी बी निम्मी हिकडं, निम्मी तिकडं. बारीक बारीक तुकडे करून."

"मग एक डिस्क गेली तर?"

"जाईल कशाला?"

आमच्या घरात हे उत्तर मानलं जातं. मी पुढे विचारलं नाही, पण डोकं काही शांत बसेना. माणसाचे तुकडे करून दोन डब्यांत भरायचे आणि म्हणायचं, काय झकास ठेवलाय, हे कसलं लक्षण? विंडोजसुद्धा तशीच दोन ठिकाणी चिरून ठेवलेली. म्हणजे चालू व्हायला लागणारी अक्कलही निम्मी इकडे, निम्मी तिकडे. मग आपण दोन्हीकडे मिळून एक आहोत, हे आधी कळतं कुणाला? मी हे विचारलं तर नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी शेजाऱ्याच्या लग्नात जेवणावरून भांडण काढलंय. त्यालाही नीट माहीत नव्हतं, असं माझं आजही मत आहे.

पण चालू व्हायचं ते भन्नाट, हे कबूल केलं पाहिजे. नवऱ्याला त्याचा इतका गर्व, की येईल त्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून दाखवायचा. "पावणं, हिकडं बगा. डोळा मिटून उघडा. झालं बी चालू!" लोक पडद्याकडे बघत बसायचे, अजून काहीतरी होईल म्हणून. हातकणंगल्याच्या एका पावण्याने शेवटी विचारलं, "चालू झालं ते बेस झालं. पण आदी बंद कशाला केलतं?"

त्याच वर्षी नवरात्रात पेठ वडगावची एक बाई आली. माझ्याच वयाची, दोन म्हशी ठेवून डेअरीला दूध घालणारी. पिशवीत तिच्या लग्नाची कॅसेट. नवरा लग्नानंतर दीड-दोन वर्षांत अपघातात गेला, तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. कॅसेट इतकी वर्षं सासरच्यांच्या ट्रंकेत पडून होती, आता दिराने आणून दिली. मुलगी पुण्यात कॉलेजला. दसऱ्याला यायची होती.

"फोटो हाईत घरात," बाई म्हणाली. "पर पोरीनं बापाला चालताना बगितलं न्हाय वहिनी. तेवढं एकदा दावायचं हाय."

मी कॅसेटचं झाकण उघडून बघितलं. टेपवर पांढरी बुरशी आली होती. अशी टेप पुसून, सुकवून एकदाच चालवायची असते. चालली तर चालली. अष्टमीच्या दुपारी मी ती लावली. चित्रावर रेघा येत होत्या, आवाज मध्येच बसत होता, पण सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरलं. शेवटी जेवणाच्या पंगती संपल्या आणि व्हीसीआरमधून करकर आवाज आला. टेप आत गुंडाळली जाऊन पार चुरगळली होती. मी ती कात्रीने कापून काढली. आता तो नवरदेव फक्त त्या दोन मुक्या डब्यांत होता, चिरून ठेवलेला.

मी म्हटलं, लगेच डीव्हीडी काढून घेऊ. नवरा म्हणाला, दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिलं काम हेच करू, आता साफसफाईला लागायचंय. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला सगळीकडेच हत्यारांची पूजा होते. आमच्या सासूबाईंचं त्यात एक जास्तीचं होतं. त्यांचं म्हणणं, पूजेला मांडलेल्या अवजाराला त्या दिवशी पुरती विश्रांती हवी. कोयता असो, शिवणाचं मशीन असो, त्यातला जीव काढून बाजूला ठेवायचा. बॅटरीतले सेल काढायचे, मशीनचा पट्टा उतरवायचा, सायकलची हवासुद्धा सोडायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं खुळचट वाटलं होतं. पण कॅमेऱ्याची बॅटरी काढताना, फ्लॅशचे सेल पुसताना हळूहळू आवडायला लागलं. वर्षातून एक दिवस घरात काहीही चालत नाही, हे बाईमाणसाला काय वाईट?

आजवर कॉम्प्युटरचं नुसतं प्लग काढणं आणि डब्याला हळदकुंकू लावणं एवढंच व्हायचं. यंदा नवऱ्याला नव्या डिस्कांचं कौतुक. त्याने मशीन उघडलं, ब्लोअरने धूळ उडवली, दोन्ही डिस्का काढून पाटावर झेंडूच्या फुलांत मांडल्या. सासूबाई बघायला आल्या. त्यांची नजर आतल्या हिरव्या पाटीवरच्या एका गोल सेलवर गेली. रुपयाच्या नाण्याएवढा.

"आन् ह्यो रं? ह्यो सेल न्हाय व्हय?"

"आई, त्यो ऱ्हाऊ दे, बारका हाय."

"बारका आसला म्हनून त्याला जीव न्हाय?"

नवऱ्याने तो सेल नखाने उचकटून काढला, पुसला आणि डिस्कांच्या शेजारी ठेवला. सासूबाईंनी त्याला कुंकवाचं बोट लावलं.

दसऱ्याच्या सकाळी सगळं जिथल्या तिथे बसवलं. मुहूर्ताला नारळ फोडला आणि नवऱ्याने बटण दाबलं. डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. पडद्यावर काळोख आणि एका ओळीत इंग्रजी, की चालू करायला काही सापडत नाही. नवरा हसला. म्हणाला, वायर ढिली असेल. वायर काढून घातली. डिस्का अदलाबदल करून बघितल्या. तीच ओळ. मग तो हसायचा थांबला.

अशात वडगावची बाई मुलीला घेऊन आली. मुलगी उंच, पुण्याची हवा लागलेली, पण आईच्या मागे मागे. दोघींनी नवीन साड्या-कपडे घातले होते. मी त्यांना खुर्च्या दिल्या आणि सरबत करायला गेले, तोंड लपवायला.

नवऱ्याने राजारामपुरीतल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने आपल्या बॅगेतला दुसरा कॉम्प्युटर लावून दोन्ही डिस्का तपासल्या आणि म्हणाला, "दोन्ही ठणठणीत हाईत. एकदम नव्या."

"मग?"

"रिकाम्या दिसत्यात. म्हंजे आत काय तरी हाय, पर कशाचा कशाला मेळ न्हाय. सगळं पुसून, फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकू. चालू हुईल की."

माझ्या डोक्यात हे काही केल्या बसेना. डिस्क बिघडली असती तर मी समजले असते. मेली म्हणून रडले असते. पण ठणठणीत आहे आणि रिकामी आहे आणि आत काहीतरी आहे, हे सगळं एकाच वेळी कसं खरं असेल? मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा. दुरुस्तीवाल्याने पडद्यावर फॉरमॅटची खिडकी उघडून ठेवली होती आणि नवरा गिऱ्हाइकासमोर लाज जाते म्हणून मान हलवायच्या बेतात होता. मी सरळ माऊसची वायर ओढून काढली.

"कुनी हात लावायचा न्हाय," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला, की जिन्यातून सासूबाई खाली आल्या.

वडगावची बाई उठून माझ्याजवळ आली. "वहिनी, हाय का न्हाय आत? तेवढं सांगा."

"हाय, अक्का. पन दिसत न्हाय."

"म्हंजे हाय का न्हाय?"

मला रडू आलं, खरंच. रागाने आलं की भीतीने, ते सांगता येणार नाही. मी तिला काय सांगणार होते? तुमचा नवरा निम्मा ह्या डबीत आहे आणि निम्मा त्या डबीत, दोन्ही डब्या शाबूत आहेत, पण आपण एकाच माणसाचे तुकडे आहोत हे त्यांना आज आठवत नाही?

दुरुस्तीवाला वैतागून सामान आवरायला लागला. डिस्का परत आमच्या मशीनमध्ये बसवल्या आणि तो सोनं वाटायला जायचंय म्हणून निघून गेला. नवऱ्याने काहीतरी करायचं म्हणून पुन्हा मशीन चालू केलं, कीबोर्डवरची दिसतील ती बटणं दाबली आणि एक निळा पडदा उघडला. त्यात सगळं इंग्रजी, पण कोपऱ्यात तारीख होती. ती दसऱ्याची नव्हती. जानेवारीची एक तारीख आणि कितीतरी मागचं साल.

"अहो, ह्याला आज कुठलं साल वाटतंय बगा," मी म्हटलं. "हे मागच्याच सालात बसलंय."

नवरा तारखेकडे बघत राहिला. मग त्याने आईकडे बघितलं, मग पाटाकडे. पाटावर सेलच्या जागी कुंकवाचा ठिपका होता.

मला जे कळलं ते असं. त्या सेलवर कॉम्प्युटर प्लग काढल्यावरही दोन गोष्टी लक्षात ठेवतो. आज तारीख काय, आणि आपल्या पोटात काय काय कसं जोडलंय. सेल दिवसभर पाटावर विश्रांती घेत होता, तेवढ्यात कॉम्प्युटर सगळं विसरला. दोन डिस्कांना एक धरायचं, हे त्याला कुणी परत सांगितलंच नाही. म्हणून तो प्रत्येकीला वेगळी धरून वाचायला बघत होता आणि निम्मं वाक्य वाचून गोंधळत होता. नवऱ्याने त्या निळ्या पडद्यात शोधत शोधत एका ओळीवर रेड असं निवडलं. मशीन बंद होऊन चालू झालं आणि डोळा मिटायच्या आत विंडोज उभी राहिली. माझं अजूनही समाधान नाही. एवढी मोठी गोष्ट एका शब्दावर कशी टांगलेली असते? पण त्या वेळी मी कुणाला काही विचारलं नाही. आधी डीव्हीडी काढायला लावली आणि ती हातात आल्यावरच पडद्यावर फिल्म लावली.

बँडचा फाटका आवाज आला. जीपमधून मुंडावळ्या बांधलेला एक सडपातळ माणूस उतरला आणि मांडवाकडे चालत गेला. मुलगी खुर्चीतून उठून उभी राहिली. तो चालताना धोतराचा सोगा सावरत होता, मागे वळून कुणाशी तरी बोलत होता. तिची आई पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटलं, झालं, एवढ्यासाठीच सगळं होतं.

फिल्म पुढे गेली. अक्षता झाल्या, मग जेवणं. नवरानवरी शेजारी बसलेली, नवरी मान खाली घालून. घास भरवायचा म्हणून बायकांचा गलका चालला होता. नवरदेवाने ताटातून जिलेबी उचलली, ती डाव्या हाताने. मागच्या म्हातारीने त्याच्या हातावर चापट मारली. सगळे हसले. त्याने ओशाळून उजवा हात पुढे केला, जिलेबी भरवली, आणि पाण्याचा तांब्या पुन्हा डाव्याच हाताने उचलला.

वडगावच्या बाईने पदर खाली घेतला. "माझ्यासमोर कायम उजव्यानंच जेवायचा की वो," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. मग तिने मुलीचा डावा हात ओढून आपल्या हातात घेतला. "ह्या हातावर मी उलथन्यानं मारलंया. जेवाय बसली की मागं बांदून ठेवायची मी. मला वाटायचं, हे खूळ हिच्यात कुठनं आलं."

"आसू दे, आई," मुलगी म्हणाली. तिचं पडद्यावरून लक्ष हटत नव्हतं. "काका, तेवढंच परत लावा."

नवऱ्याने मागे घेऊन लावलं. जिलेबी, डावा हात, म्हातारी, चापट, हसणं. मुलगी म्हणाली, परत. मला आनंद होत होता आणि वाईटही वाटत होतं. यातलं खरं काय ते मला आजही ठरवता येत नाही. तिसऱ्यांदा त्याने डावा हात ताटाकडे नेला, मागून म्हातारीने हात उचलला, आणि वडगावची बाई पडद्याला म्हणाली, "मारू नगा वो त्येला."