पायाकडची बाजू

सुई ओठांत धरून बोलायची. दोरा दातांनी तोडायची आणि मग कात्री शोधत बसायची. दार कितीही उंच असो, वाकूनच आत यायची. झोपताना गुडघे पोटाशी घ्यायची. "चहा झाला का?" असं विचारलं तर म्हणायची, "तुमचा झाला ना?"

इमारतीत सगळे तिला आत्याच म्हणायचे. आमच्या वरच्या मजल्यावर ती भावाच्या घरी राहायची. घरात तिचं दुसरं नाव होतं, शिडी. जळमटं काढायची असली, बल्ब बदलायचा असला की भाचे ओरडायचे, "शिडी कुठंय?" ती हसत यायची. मला वाटायचं, तिला ते आवडतं.

साहित्य शिकून मी घरी बसले होते. दुपारी तिच्याकडे जायचे. ती लोकांच्या गोधड्या शिवत असायची. मागचं कापड चारही बाजूंनी चार बोटं जास्त ठेवायची. शेवटी ते एकदा दुमडायची, पुन्हा दुमडून वरच्या बाजूवर आणायची आणि बारीक टाके घालायची. मागचंच कापड पुढे येऊन काठ व्हायचं.

"वेगळी पट्टी का नाही लावत?" मी एकदा विचारलं.

"जोडलेली पट्टी आधी उसवते. मला विचार."

हॉलच्या एका टोकाला, पडद्यामागे तिची खाट होती. खाट आखूड. पांघरूणही खाटेच्याच मापाचं. खांदे झाकले की पाय उघडे पडायचे. इतक्या गोधड्या तिच्या हातून गेल्या, पण तिची स्वतःची एकही नव्हती.

मग घरात मोठा सोफा आला. पडदा निघाला. खाट स्वयंपाकघरामागच्या बोळात गेली.

"पडदा तुला घे," भाऊ म्हणाला. "नाहीतरी फडकीच व्हायची त्याची."

तिने मला हाक मारून बोलावलं. "हे बघ, अखंड कापड आहे. छतापासून जमिनीपर्यंत. यात मी मावेन."

पडदा पसरून ती त्यावर झोपली. सरळ. तिला सरळ झोपलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी डोक्याशी आणि पायाशी खडूने खुणा केल्या.

"टाचा धर गं मापात. त्याही माझ्याच आहेत."

दोन्ही खुणांच्या बाहेर चार-चार बोटं कापड उरलं होतं. काठापुरतं. जास्त नाही.

पडदा मागे, वर खुणेपासून खुणेपर्यंत जुनं कापड, अशी गोधडी तिने शिवायला घेतली. तीन बाजूंचे काठ झाले. पायाकडची राहिली. मध्येच तिला धाप लागली म्हणून मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. परत आलो तर गोधडी घडी करून खाटेवर ठेवलेली.

"किती लोंबत होतं ते!" वहिनी म्हणाली. "सरळ कापून ठेवलंय. बघ, एक धागा इकडचा तिकडे नाही."

आत्याने कडेवरून बोट फिरवलं. कात्री खरंच सरळ चालली होती.

"छान कापलंस."

"मग तोंड का पडलंय?"

"फडक्यासाठी," भाऊ पेपरातून म्हणाला.

बोळात आल्यावर मी म्हटलं, "सांग ना त्यांना."

"काय सांगू? माझे पाय लांब आहेत म्हणून?"

"मग पट्टी लावू."

"नको. वरचं चार बोटं कापते. म्हणजे मागचं उरेल दुमडायला."

"आखूड होईल, आत्या."

"होऊ दे. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. मी पाय पाहून अंथरूण शिवायला बसले. तिथेच चुकलं."

वरचं कापड सुटं करायला ती पायाकडचे, दोन्ही कापडं जोडणारे टाके उसवायला बसली. मी खाली निघून आले.

सकाळी धाकटा भाचा जिन्यावरून ओरडत आला. "शिडी गेली!"

मला आधी कळलंच नाही.

वहिनी रडली. खरं रडली. भाऊ म्हणाला, "माळ्यावरचं आता कोण काढणार?" आणि मान खाली घातली.

तिच्यावर चादर घातली होती. पाय बाहेर राहिले. कुणीतरी चादर खाली ओढली. चेहरा उघडा पडला. पुन्हा वर ओढली.

गोधडी वहिनीने मला दिली. "ने तू. अर्धवटच आहे."

ती माझ्या टेबलावर आहे. तीन बाजूंना पडद्याचा तपकिरी काठ. चौथ्या बाजूचे टाके अर्ध्यापर्यंत उसवलेले, भोकांची नुसती रांग. पुढचे टाके घट्ट आहेत. सुई तिथेच टोचलेली. उसवलेलं वरचं कापड उचललं की मागच्या कापडाच्या कडेला मी केलेल्या खडूच्या खुणेचा पुसट पांढरा रंग दिसतो. कात्री बरोबर त्या खुणेवरून गेली आहे. वरचं कापड तिने अजून कापलेलं नव्हतं.