पणजीला घाट नाही

माझ्यासारख्यानं कागद पुढं ओढावा हा आगाऊपणाच आहे, त्याबद्दल माफ करा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. लिहिणं हे दुसऱ्यांचं काम. तरी लिहितो. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि माफी मागितली ती फक्त लिहिण्याबद्दल — पुढच्या गोष्टीबद्दल नाही.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. मी आणि रफिक, दोघं लातूरचे, नांदेडला कॉलेजात एका खोलीत राहायचो. सुट्टीत घरी गेलो की टँकरपुढची घागरींची रांग बघून तो म्हणायचा, "जिल्हा झाला म्हनं. आता तहान बी जिल्ह्याची."

त्या हिवाळ्यात कॉलेजातून एकाला गोव्याच्या शिबिराला पाठवायचं ठरलं — मुंबईहून पणजी, बोटीनं. नाव रफिकचं निघालं. त्याच आठवड्यात त्याच्या आईचा हात मोडला. लातुरात तिचं बांगड्यांचं दुकान, आणि लग्नसराई तोंडावर. "शिव्या, तू जा," तो म्हणाला. "पर समुद्रातून शहर कसं दिसतंय ते मला सांगायचं. नुसतं लई भारी होतं म्हनलास तर खोलीत घेनार न्हाई."

मी ते शहर समुद्रातून पाहिलंच नाही.

का? भ्यालो म्हणून. डेकवर गेलो तर चारी बाजूंनी पाणी — त्याला काठच नाही. ज्यानं पाणी जन्मभर विहिरीच्या तळाशी वाकून पाहिलं, त्यानं काय करावं? मी खाली, सामानाच्या गठ्ठ्यांत जाऊन बसलो. मांडीत पाण्याचा कॅन होता, लातूरहून भरून नेलेला — हसा खुशाल, त्या वर्षी आमच्यातलं कुणी पाण्याशिवाय घर सोडत नव्हतं. सकाळी वरती पोरं 'आली पणजी' म्हणून ओरडत होती, तेव्हा मी डोक्यावर टॉवेल घेऊन बसलो होतो.

माझ्या वाट्याला पणजी आली ती आधी नाकानं. डिझेल, मासळी, ओला दोरखंड. मग सिमेंटचा धक्का, त्यावर टोपल्या आणि पायच पाय. हवा इतकी दमट की सदरा अंगाला चिकटला. एका मासळीवालीनं टोपलीनं मला बाजूला सारलं आणि काहीतरी म्हणाली — निम्मं कळलं. धक्क्यावरूनच ट्रकनं आम्हाला शिबिराला नेलं. वाटेतली झाडं इतकी हिरवी, की मला राग आला. खरोखर राग. एवढं पाणी यांनाच का? परत आलो ते एसटीनं.

एवढं रफिकला सांगता आलं नसतं का? पण ज्यानं आपली जागा दिली, त्याला 'मी टॉवेलखाली होतो' म्हणायचं — तुम्ही म्हणाला असता? मी म्हणालो, शहर टेकडीवर आहे, पांढरं. पाण्यात उतरणारा दगडी घाट आहे, पायऱ्यांना होड्या बांधलेल्या, बायका धुणं धुतात. खाऱ्या पाण्यात धुणं! पाण्याकाठचं गाव म्हणून मला गोदावरीकाठचं नांदेडच ठाऊक होतं. पायऱ्या किती, ते त्यानं दोनदा विचारलं. उन्हाळ्यात त्यानं कॉलेज सोडलं आणि तो घाट बघायला पणजीला गेला. धक्क्यावर हमाली करतो.

त्याच्या आईला मी खाला म्हणतो, म्हणजे मावशी. ती मला दुकानात बसवून घेते. "माझं पोरगं ऱ्हातं ते गाव कसं हाय, सांग की पुन्हा." मी सांगतो. दर खेपेला चार पायऱ्या वाढवतो. दारात टँकरवरून भांडणं चाललेली असताना त्या बाईला मी सिमेंटचा धक्का सांगू? नाही सांगणार. मी भित्रा आहे, खोटारडा आहे. रफिकचं शिक्षण सुटलं त्यात माझा हात आहे, आणि तो मी झटकत नाही. पण उद्या तिनं विचारलं तर उद्याही घाटच सांगेन.

गेल्या रविवारी लातूरला गेलो. रफिक ईदला येऊन गेला होता. माझी परीक्षा होती, भेट हुकली. खालानं चहा पुढं केला आणि सांगितलं — पाहुण्यांसमोर तिनं त्याला विचारलं होतं, शिवा म्हणतो तसा घाट खरंच हाय का रे? तो म्हणाला, "हाय ना, अम्मी. रोज सकाळी तिथंच आंगूळ करतो."