माझ्या नावावर केलेली भीती

कुठल्याही वस्तूला तो आधी उलटा हात लावायचा. दुकानाचं शटर असो, नळ असो, दुसऱ्याची सायकल असो; हाताची मागची बाजू हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच धरायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "शेट, सरळ हातानं धरलं आणि आत करंट असला तर मूठ मिटते, सुटत नाही. उलट्या हाताला झटका बसला तर हात मागं येतो." आणि लगेच पुढं, "लग्न तेवढं सरळ हातानं केलं. मूठ मिटली ती मिटलीच."

बायको शेजारी असली तर म्हणायची, "ह्यांनी कुठलं धरलंय? मीच धरलंय ह्यांना."

त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो का, ते सांगतो. मग तुम्हीच ठरवा.

मी संगमेश्वराकडच्या खेड्यातून आलेला माणूस. दुसऱ्याच्या दुकानात खिळ्यांची पोती उचलली, मग रत्नागिरीच्या बाजारात स्वतःचं हार्डवेअरचं दुकान टाकलं. भाव केल्याशिवाय मी काही घेतलं नाही आणि काही दिलंही नाही. तापट आहे हे बायकोपासून हमालापर्यंत सगळे सांगतील. हा समोरच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन. सगळ्या गावाचे फोन याच्या हाताखालून जायचे, पण याच्या स्वतःच्या घरी फोन नव्हता. नंबर लागायचा होता. "हलवाई मिठाई खातो का, शेट?" एवढंच म्हणायचा.

ड्यूटीवरून आला की माझ्या दुकानातल्या सिमेंटच्या पोत्यावर बसायचा आणि सुरू व्हायचा. गावात टीव्ही नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. "छपरावर नवरा अँटेना फिरवतो, खिडकीतून बायको ओरडते, 'आलं, आलं, आलं... गेलं!' संसारात याहून वेगळं बोलणं मी अजून ऐकलेलं नाही." लाइट गेले की म्हणायचा, "पोफळीच्या वीजघरातली वीज आणि कोकणातला बाप्या, दोघंही जन्मतात इथं आणि जातात मुंबईला. आपल्याला राहतात त्या मेणबत्त्या." गिऱ्हाइकं हसायची. हसलेलं गिऱ्हाईक फार घासाघीस करत नाही, म्हणून मीही त्याला चहा पाजायचो.

पण हे सगळं वरवरचं होतं. आतून तो सतत भ्यालेला असायचा. त्याच्या बायकोच्या काळजाची झडप अरुंद झाली होती. लहानपणीच्या सांधेतापानं, असं डॉक्टर म्हणाले होते. ती दापोलीजवळच्या मुरुडची, बोलायला फटकळ, अंगानं काडी. विहिरीवरून कळशी आणताना वाटेत दोनदा दम घ्यायला थांबायची आणि तिच्या ओठांवर निळसर रंग यायचा. मूलबाळ नव्हतं, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि त्याच्या पाळ्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या.

एक दिवस वायरचं भेंडोळं निवडता निवडता म्हणाला, "शेट, तुमच्या भिंतीला एक घंटी लावू का?"

"कसली?"

"बटण माझ्या घरी, घंटी तुमच्याकडं. तिला काही झालं तर दाबेल. तुमच्याकडं फोन आहे, मला एक्स्चेंजला कळवाल."

"आणि मला काय मिळेल?"

तो हसला. "तुमचा पंखा करकरतो, रेडिओ खरखरतो आणि स्कूटरचा हॉर्न कोंबड्यासारखा आरवतो. तिन्ही आजन्म माझ्याकडं."

सौदा वाईट नव्हता. आम्ही दुकानाच्या मागंच राहायचो, त्यामुळं रात्रीसुद्धा घंटी ऐकू आली असती. गल्लीवरून तार आली, भिंतीवर घंटी बसली, टॉर्चच्या सेलवर चालणारी. "किती वेळा वाजली की यायचं?" मी विचारलं. तो म्हणाला, "एकदा वाजली की या. दुसऱ्यांदा वाजवायला ती असेलच असं नाही." हे तो हसून बोलला. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रोज सकाळी, ड्यूटीवर निघताना नाहीतर रात्रपाळीवरून आल्यावर, तो बटण दाबून बघायचा. घंटी वाजली की मी दुकानातून "हां!" असं ओरडायचं. एकदा सकाळ उलटली तरी घंटी वाजली नाही. मी पायरीवर आलो, तर हा समोरच्या ओट्यावर उभा, चेहरा चुन्यासारखा. दारातून हात आत घालून पुन्हा पुन्हा बटण दाबत होता. उंदरानं तार कुरतडली होती. तो येऊन पोत्यावर बसला आणि पहिल्यांदाच एकही विनोद केला नाही.

"रात्री माझी ड्यूटी होती, शेट. रात्रभर ही तार तुटलेली असणार. तिनं दाबलं असतं तरी तुम्ही घोरत असता."

"झालं नाही ना काही? मग?"

"वाजणाऱ्या घंटीला मी भीत नाही. न वाजणाऱ्या घंटीला भितो."

मग त्यानं सगळंच उलटं केलं. मोटारीची जुनी बॅटरी आणली, कसलासा रिले बसवला. आता तारेतून सतत थोडा करंट फिरायचा आणि तो थांबला की घंटी वाजायची. बटण दाबलं तरी वाजणार, तार तुटली तरी वाजणार, नुसती सैल झाली तरी वाजणार. त्याला आता झोप लागू लागली. माझी गेली. कावळा तारेवर बसला की मी गिऱ्हाईक सोडून अनवाणी धावायचो. धापा टाकत दारात पोचावं, तर ती बांगडे साफ करत बसलेली.

"काय मेलं धावत आलात, भाऊ! मला काय झालंय? तुम्हालाच दवाखान्यात न्यावं लागेल. बसा वाईच."

मी बोंबलत त्याच्याकडं जायचो. "तुझी घंटी आणि तू! एक दिवस उपटून टाकीन!" तो शांतपणे सांधा घट्ट करायचा आणि म्हणायचा, "उपटलीत तरी वाजेल ती, शेट."

मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं तर बाई बरी होईल, असं डॉक्टरांनी त्याला केव्हाच सांगितलं होतं. झडप मोकळी करायची. हा तयार नव्हता. त्याच्या धंद्याचा एक नियम होता, तो त्यानं बायकोला लावला होता: चालू मशीन उघडू नये. "कुरकुरत का होईना, चालतंय ना? उघडलं आणि बंद पडलं तर?" असे नियम पंख्याला ठीक आहेत. पण त्याला समजावायला गेलं की तो विनोद करायचा, आणि विनोदाशी भाव करता येत नाही.

पाऊस सरला, भातं कापायला आली. एका दुपारी एका ठेकेदाराशी पाइपावरून माझं भांडण चाललं होतं आणि घंटी वाजली. कावळाच असणार म्हणून मी शिव्या देतच निघालो. दार उघडं होतं. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, एक हात अजून बटणावर. बोलता येत नव्हतं. घशात पाणी उकळावं तसा श्वास वाजत होता. माझ्या बायकोनं एक्स्चेंजला फोन लावला, मी रिक्षा आणली. सरकारी दवाखान्यापर्यंत त्या रिक्षात मी काय काय बोललो ते आठवत नाही. तिचा हात बर्फासारखा थंड होता एवढं आठवतं.

इंजेक्शनं दिली, नाकाला ऑक्सिजन लावला, तासाभरानं जरा उतार पडला. तो अजून पोचायचा होता. तिनं डोळ्यांनीच जवळ बोलावलं.

"भाऊ, तुम्ही भाव बरा करता ना?"

"बोलू नका, वहिनी."

"माझ्यासाठी एक करा. ह्यांना तयार करा. मी सांगून थकले. मला असं भीत भीत जगायचं नाही."

तो आला. आधी आत जाऊन तिच्या कपाळाला हात लावून बाहेर आला. मी त्याला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"मुंबईला कधी नेतोस?"

"शेट, आत्ता नको."

"कधी मग?"

"उघडल्यावर बंद पडली तर?"

"न उघडता पडली तर?"

"घासाघीस करू नका. बायको आहे माझी."

"म्हणून तर करतोय! खिळे असते तर केव्हाच सोडून दिलं असतं." आवाज चढला तशी नर्स बाहेर येऊन बघून गेली. समोरच्याला फायदा दाखवून सौदा होत नाही, नुकसान दाखवावं लागतं, हे मी पोती उचलताना शिकलो होतो. "न वाजणाऱ्या घंटीला भितोस ना तू? आज तिचं बोट बटणापर्यंत पोचलं. पुढच्या वेळी नाही पोचलं, तर तुझा रिले काय करणार आहे? तार शाबूत, करंट शाबूत, घंटी गप्प. आणि मी दुकानात पाइप मोजतोय."

त्यानं कठड्याला उलटा हात टेकवला आणि कठडा धरला. मग म्हणाला, "ठीक आहे. पण एक अट. हे तुम्ही ठरवलंत. बिघडलं तर तुमच्या नावावर."

"घाल माझ्या नावावर."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना!"

रागाच्या भरात बोलून गेलो. सौदा झाला होता, त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसत होतं, आणि तेवढंच ओझं माझ्या खांद्यावर चढत होतं. आयुष्यात इतका महाग सौदा मी केला नव्हता. ओळखीची गाडी ठरवून ते निघाले. ती म्हणाली, "येते, भाऊ." तो खिडकीतून म्हणाला, "लक्षात आहे ना, शेट, कोणाच्या नावावर?" तो हसत नव्हता.

नंतरचे दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. दुकानातला फोन वाजला की हात पुढं होईना. बायको येऊन उचलायची. कोणी सिमेंट मागायचं, कोणी पत्र्याचा दर. एक्स्चेंजला जाऊन विचारलं, तर तिथले म्हणाले, "त्यानं ट्रंक कॉल बुक केला असता तर आधी आम्हालाच कळलं असतं, शेट." भिंतीवर घंटी गप्प होती, कारण जाताना त्यानं बॅटरी सोडवली होती. तरी दुपारी मी दचकून उठायचो. गावी जाऊन देवाला नारळ ठेवला. गुरवानं विचारलं, "गाऱ्हाणं कसलं घालू?" "एक बाई बरी होऊ दे" एवढंच म्हणालो. नात्याची कोण, घरातली कोण, त्यानं विचारलं नाही. त्यानं गाऱ्हाणं घातलं आणि "व्हय म्हाराजा" म्हणायला त्या रिकाम्या देवळात मी एकटा.

एक सांगून टाकतो. तो पुन्हा रत्नागिरीत राहायला आला नाही. त्यानं मुंबईला बदली मागून घेतली, सामान न्यायला टेम्पो आला, खोल्यांत एक मास्तर राहायला आले. त्याची माझी शेवटची गाठ पडली ती फोनवर.

सकाळची वेळ होती. बायको देवपूजेत होती, म्हणून मलाच उचलावा लागला. ऑपरेटर म्हणाला, "शेट, मुंबईचा ट्रंक आहे. धरा." मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"भाऊ, मी बोलते."

तिचाच आवाज. बारीक, पण फटकळपणा शाबूत.

"वहिनी? ऑपरेशन कधी आहे?"

"झालं की! आठवडा होऊन गेला. आता हिंडते-फिरते."

माझं डोकं फिरलं. "आठवडा? आणि तो गाढव? त्याला एक फोन करता आला नाही?"

"रोज दवाखान्यातल्या फोनापर्यंत जातात आणि परत येतात. म्हणतात, टेस्टिंग चालू असताना लाइन सुरू झाली असं कळवू नये. आज मीच ओढत आणलंय."

"द्या त्याला."

रिसीव्हर हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मी सोडलं नाही. इतक्या दिवसांत साठलेलं सगळं बाहेर काढलं. नालायका म्हटलं, भित्र्या म्हटलं, माझी झोप, माझं जेवण, माझा धंदा, सगळं ऐकवलं. माझे शब्द संपले तेव्हा पलीकडून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता, अडकत अडकत येणारा. ट्रंक कॉलची तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली असतील. ऑपरेटर मध्ये बोलला नाही. तोही लाइनवर असावा, कुणीतरी नाक ओढल्यासारखं वाटलं.

मग लांबून तिचा आवाज आला, "अहो, बोला की! भाऊ आहेत." आणि थोड्या वेळानं, "थांबा हां, पाणी आणते ह्यांना."

मी रिसीव्हर कानाला दाबून उभा होतो. तिची चप्पल फरशीवर वाजत दूर गेली. मग दुरून वाजत परत आली. मध्ये कुठं थांबली नाही.