बार्बा बोर्तोलो कागदाकडे बघतो

‘दा कापो’ एवढंच लिहायला मी विसरलो. विचेन्झाच्या पाद्र्यांनी छड्या मारून लॅटिन पाजलं होतं मला. पण व्हेनिसच्या नाटकघरात वादकांसाठी स्वरलिपी उतरवायला लॅटिन काय कामाचं? गाण्याचा दुसरा भाग संपला की खाली ‘दा कापो’ लिहायचं, म्हणजे सगळे परत पहिल्या भागावर. ते नेमकं बार्बा बोर्तोलोच्या कागदावर राहिलं.

बार्बा म्हणजे काका. आमच्याकडचा मोठा बास, म्हणजे माणसाएवढं खर्जाचं तंतुवाद्य, तोच वाजवायचा. वर गाणारा हव्या तेवढ्या गिरक्या घेवो, खालचा न तुटणारा सूर बार्बाचा. बाकीचे वादक त्याच्या गजाकडे बघून चालायचे. आणि कागदावर नाही ते वाजवायचं नाही, हा त्याचा हट्ट.

पहिल्याच प्रयोगाला दुसरा भाग संपला, बार्बा थांबला, त्याच्यामागे सगळे थांबले. गायक फाल्केत्ता तोंड उघडं ठेवून मंचावर एकटाच.

“डोळे कागदावर ठेव, म्हाताऱ्या गाढवा! माझ्या तोंडाकडे काय बघतोस?” तो भर प्रेक्षकांत ओरडला. वरचे सज्जे खो खो हसले. मालक सिओर झोर्झीने पडद्यामागे बजावलं, “आणखी एक चूक, की तुझी खुर्ची दुसऱ्याला.”

बार्बाने कागद पाहिला, मग मला पाहिलं. बोलला मात्र दारूच्या गुत्त्यात.

“मेनेगो, हा कोंबडा मी सोलणार.”

“बार्बा, खुर्ची जाईल!”

“चूक न करता सोलणार. तू ‘दा कापो’ लिही आणि शाई नीट वाळव.”

पहिला भाग परत येतो तेव्हा शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि गायक एकटाच आपली करामत दाखवतो. सरतेशेवटी तो दोन सुरांत गळा थरथरवतो, तो त्रिल्लो. मन भरलं की फाल्केत्ता मान हलवायचा, मग बास शिरायचा.

दुसऱ्या दिवशी त्रिल्लो सुरू झाला. बार्बाचा गज तारेवर, डोळे कागदावर. लोक “ब्राव्हो!” म्हणाले. फाल्केत्ताने मान हलवली. पुन्हा हलवली. मग टोपीवरचा पिसारासुद्धा हलला. बार्बा कागदच बघतोय. फाल्केत्ताचा चेहरा वांग्यासारखा झाला, दम सरला, आणि गळ्यातून बदकाचा आवाज निघाला. वरून कुणीतरी त्याला बदकाच्याच भाषेत उत्तर दिलं. मग कुठे बार्बाने गज ओढला, अगदी हळुवार.

झोर्झी धावत आला. “त्याने खूण केली, दिसली नाही?”

“सिओर, डोळे कागदावर ठेव म्हणाले ना ते? कागद काही मान हलवत नाही.”

झोर्झीने कागद उलटसुलट पाहिला. चूक असेल तर ना! हसू दाबत निघून गेला.

त्यानंतर रोज वरून बदकं ओरडायची. कार्निव्हल सरायच्या आत फाल्केत्ता बोलोन्याला पळाला. मला वाटलं, संपलं.

“बोलोन्याला माझा मेहुणा बास वाजवतो,” बार्बा गजाला राळ लावत म्हणाला. “त्याला निरोप धाडलाय.”

माझ्या विसरभोळेपणाबद्दल त्याला तळलेल्या सार्डिन माशांची एक थाळी खिलवायचं मी कबूल केलं होतं. मीच दोनदा आठवण करून दिली. “राहू दे रे,” म्हणतो, “हिशेब चुकवायची घाई काय आहे?”

थाळी अजून द्यायचीच आहे. हल्ली मी प्रत्येक कागद तीनदा तपासतो.