गुरुवारी डिस्क बदलू नये

शिक्रापूरला हायवेवर दुकान असलं की किस्से शोधावे लागत नाहीत, धुळीबरोबर तेही आपोआप साचतात. माझं दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं. गुरुवारी रांजणगावच्या कंपन्यांना सुट्टी, म्हणून गिऱ्हाईक गुरुवारी. आणि लाइटही नेमकी गुरुवारीच जाते! पंखा हळूहळू थांबतो, बाहेरचे ट्रक झोपेत असल्यासारखे सरकतात. मला ती वेळ फार आवडते.

डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत असते. टीव्हीला एक कळते, कॉम्प्युटरला दुसरी. ती बदलण्यालाच आम्ही 'डिस्क बदलणं' म्हणतो. आतला माल बाहेर न काढता ती बदलायची, म्हणजे भरल्या घरात फरशी बदलायची.

*

कंपनीतला सचिन असाच डिस्क बदलून घेत बसला होता. बाहेर मित्रानं हॉर्न दिला आणि यानं चालू कामात वायर उपटली. सगळ्या फाइली गेल्या.

"गेल्या कशा? स्क्रीनवर निम्मी पट्टी भरली हुती की! निम्म्या तरी द्या!"

*

त्याच्याच कंपनीतला एक बिहारी पोरगा मात्र हुशार. मी विचारलं, "बॅकअप लिया?"

"लिया ना, भैया!"

"किधर?"

"इसी में. दूसरे फोल्डर में!"

*

इनामगावच्या आप्पांचा पेनड्राइव्ह मी बदलून दिला. ट्रॅक्टरवरचा गाण्यांचा टेप त्याला ओळखेना. आप्पा ट्रॅक्टर घेऊनच दारात आले.

"पेनड्राइव्ह बदलता येतो ना? मंग आता टेप बदला!"

*

शिरूरचे योहानमामा एकटेच राहतात. मामी गेल्या वर्षी वारल्या. भाच्यानं दिलेल्या डिस्कवर मामींचा एकच व्हिडिओ: नाताळच्या करंज्या तळताना मामी गाणं म्हणतायत, मध्येच मामांवर ओरडतायत, "अहो, तो मोबाइल ठिवा, तेल तापलंय!" दुसरी कॉपी कुठंच नव्हती आणि घरच्या टीव्हीला ती डिस्क कळत नव्हती.

मी म्हटलं, "आधी कॉपी घेऊ, मगच डिस्कला हात लावू."

कॉपी चालू असतानाच लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागला. मामांनी टेबलाची कड घट्ट धरली, डोळे मिटले. मी स्क्रीनवरच्या पट्टीकडं बघत राहिलो. पट्टी पुरी भरली तेव्हा आम्ही दोघं एकदमच हसलो. लाइट आल्यावर डिस्क बदलून दिली.

पुढच्या गुरुवारी मामा डिस्क घेऊन परत हजर. खुर्ची ओढून म्हणाले, "तो व्हिडिओ लावा जरा."

"का मामा, घरी लागत नाही का?"

"लागतंय की! झ्याक लागतंय. पन घरी लावलं की ती न्हाई असं कळतं. हितं ऐकलं की वाटतं, ती घरी हाय."